एमेटची कडी

डेमिंग, न्यू मेक्सिको
२० जानेवारी १९८४

प्रिय ऑर्लो,

तुझा जानेवारीचा कागद पोहोचला. खाली पाद्री नायगार्डची सही आहे म्हणून विश्वास ठेवते, नाहीतर मला वाटलं असतं की निशाणाच्या कागदावर कोंबड्या सोडल्या होत्यास. दहा गोळ्या आणि एकाहत्तर गुण! सत्तावीस वर्षं आपण दर महिन्याला एकमेकांना कागद पाठवतोय, पण माझ्या या चुलतभावाला मी ऐंशीच्या खाली घसरलेला पाहिला नव्हता. माझे अठ्ठ्याऐंशी आहेत, सोबतच्या कागदावर मोजून घे. हरणाऱ्यानं बरणी पाठवायची, तू मुरंब्याची नाहीतर आम्ही मिरच्यांची, हे तुला आठवत असेलच. मागच्या खेपेसारखा पातळ मुरंबा नको.

कागद ओला झाला होता का रे? दोन-तीन भोकं फाटल्यासारखी दिसतायत. तुमच्याकडच्या बर्फाचा काही नेम नाही.

इकडे सगळं ठीक आहे. एमेटला जाऊन तीन महिने झाले. नवरा नसला तरी दिवस जातात, कोंबड्यांना दाणे लागतात, शेजारणीला गप्पा लागतात. फक्त तुझ्या नावाचा लिफाफा चिकटवताना जरा थांबायला होतं. त्यात आमचे दोन कागद असायचे, आता एकच जातो. लिफाफा फार पातळ लागतो हाताला.

त्याची ती गोळ्या दाबून मापात आणायची कडी पोहोचली एवढंच तू लिहिलंस. ती फक्त आठवण म्हणून पाठवलीय, हं. त्यानं स्वतः लेथवर कातलेली आणि इतकी वर्षं त्याच्या हातात राहिलेली. खिडकीच्या फळीवर ठेव. सकाळचं ऊन पडलं की छान चमकते.

तुझी,
लोरीन


कॉनराड, मोंटाना
२ फेब्रुवारी १९८४

लोरीन,

मुरंबा निघालाय. हकलबेरी यंदा कमी होत्या, पण पातळ म्हणशील तर पुढच्या वेळी बरणीत विहिरीचं पाणी भरून पाठवीन.

कडी फळीवर आहे. चमकते.

जानेवारीत इथे शून्याखाली वीस होतं. हातमोज्यातून बोट काढून चाप ओढायचा म्हणजे काय ते तुला वाळवंटात बसून कळणार नाही. शिवाय गोळ्या बिघडल्यात. धातूतच काहीतरी आहे. पिस्तूल तेच, मी तोच, मैदान तेच, मग दुसरं काय असणार? तू एवढी शहाणी आहेस तर सांग. नाहीतरी उंटावरून शेळ्या हाकायची तुला सवय आहेच.

ड्वाइट ग्रेट फॉल्सहून आला होता. माझा मुलगा बोलायला लागला की मला पूर्वीचा आमचा संपादक आठवतो. बाबा, हे करू नका, बाबा, शेडमध्ये शिसं वितळवू नका, बाबा, जिना चढू नका. मी त्याला म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून मी शिसं वितळवतोय. तो म्हणाला, म्हणूनच.

ऑर्लो


डेमिंग
११ फेब्रुवारी १९८४

प्रिय ऑर्लो,

मुरंबा उत्तम. शब्द मागे घेते.

आता कामाचं बोलू. एमेट म्हणायचा, काय बिघडलं हे कधी विचारू नये, काय बदललं ते विचारावं. तांब्याच्या खाणीच्या कारखान्यात त्यानं तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली ती या एका प्रश्नावर. नाताळापर्यंत तू नव्वदीच्या आसपास होतास. नाताळानंतर काय बदललं? धातू, दारू, साचा, मेण? आधी हो-नाही करू नकोस. शेडमध्ये शिरल्यापासून काडतूस तयार होईपर्यंत तू काय काय करतोस ते मला ओळीनं लिही, अगदी मला काहीच येत नाही असं समजून. आणि फेब्रुवारीचा कागद लवकर पाठव. माझ्याकडे ड्वाइट नाही, त्यामुळे मला करमणूक लागते.

दुसरं म्हणजे, नळीत शिसं चिकटतंय का ते बघ. उजेडाकडे धरून आत बघितलंस की आरशासारखं स्वच्छ दिसायला पाहिजे. करडे पट्टे दिसले तर मला सांग.

लोरीन


कॉनराड
२७ फेब्रुवारी १९८४

लोरीन,

तुझ्यासाठी शाळेचा धडा लिहितो.

शेडचं दार उघडं ठेवतो. भांड्यात धातू वितळवतो. आमच्या साप्ताहिकानं छपाईच्या ओळी ओतण्याचं जुनं यंत्र मोडीत काढलं तेव्हा तिथला धातू मी पिंपं भरून घरी आणला, हे तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षं मी त्या यंत्रावर बसलो, त्या धातूवर माझा थोडा हक्क होताच. या महिन्यात मी ओल्सनच्या मुलीच्या लग्नाची बातमी आणि एकोणीसशे बासष्टचे गव्हाचे भाव वितळवले. धातू साच्यात ओततो. गोळी गार झाली की तिला मेण लावतो. मग ती कडीतून दाबून काढतो, म्हणजे सगळ्या एका जाडीच्या होतात. मग पितळी पुंगळीत दारू, वर गोळी, आणि पुंगळीचं तोंड जरा आवळून टाकतो. झालं. सत्तावीस वर्षं हेच करतोय. काही बदललं नाही.

नळीत करडे पट्टे आहेत. बरेच आहेत. दहा गोळ्या मारल्या की तासभर ब्रश घासत बसावं लागतं.

फेब्रुवारीचा कागद सोबत आहे. सहासष्ट. पाद्रीबुवा सही करताना म्हणाले, ऑर्लो, मी प्रार्थना करीन. मी म्हटलं, माझ्या गोळीपेक्षा ती तरी सरळ जाईल.

ऑर्लो


डेमिंग
६ मार्च १९८४

प्रिय ऑर्लो,

धडा आवडला. कडी मात्र तुझी तीच जुनी ना? एवढंच लिही.

हे तीन उपाय कर, पण एका वेळी एकच. सगळं एकदम बदललंस तर कशानं सुधारलं ते कळणार नाही आणि तू पाद्रीबुवांना श्रेय देशील. पहिलं, छपाईचा धातू फार कडक असतो. नळाच्या कामातलं मऊ शिसं मिळालं तर अर्धं मिसळ. आपल्या लोकांचा हा एक हट्टच आहे, कडक तितकी चांगली असं समजायचं. गोळी नळीत जरा फुगून चपखल बसायला हवी, कडक गोळी फुगत नाही. दुसरं, मेण जास्त लाव. तिसरं, पुंगळीचं तोंड इतकं आवळू नकोस की आतली गोळीच पिचेल.

तुझं अक्षर असं का झालंय? चाळीस वर्षं ओळी जुळवलेला माणूस तू, तुझ्या ओळी आता टेकडी उतरतायत. पेन बदललंस का?

शेजारणीनं लिंबाचं झाड दिलंय. जगेल असं दिसतं.

लोरीन


कॉनराड
२५ मार्च १९८४

लोरीन,

तिन्ही उपाय केले. एका वेळी एक, तू म्हणालीस तसे. मऊ शिसं मिसळल्यावर जरा बरं झालं, पण जरासंच. मार्चचा कागद सोबत आहे, अडुसष्ट. कडी ती कडीच, तिच्यात काय असायचंय.

आता खरं सांगतो, कारण तू विचारत राहशील आणि मी टपालाला घाबरत बसेन. नाचता येईना अंगण वाकडं, तसं चाललंय माझं. गोळ्या बिघडलेल्या नाहीत. माझा हात बिघडलाय. सकाळी कॉफी ओतताना बशीत जाते. सदऱ्याचं वरचं बटण लावायला वेळ लागतो. पेन तेच आहे, लोरीन.

डॉक्टर म्हणाला वयाचं आहे, फार वाढणार नाही बहुधा. तो अजून बरंच बोलला, मी ऐकलं नाही. डोक्यात एकच होतं, की आता दर महिन्याला तुला असे फाटके कागद पाठवायचे आणि तू ते बघून गप्प बसायचं. तू थट्टा करतेस तोवर ठीक आहे. तू थट्टा करायची थांबलीस तर मला सहन होणार नाही.

म्हणून ड्वाइटला सांगितलंय. ईस्टरला तो येईल तेव्हा पिस्तूल, साचा, भांडं, सगळं घेऊन जाईल. तो खूश झाला. इतका खूश झाला की मला राग आला.

एप्रिलचा कागद तू पाठवू नकोस. सत्तावीस वर्षं पुष्कळ झाली. मुरंबा मी तसाही पाठवत जाईन.

तुझा,
ऑर्लो


डेमिंग
१ एप्रिल १९८४

ऑर्लो,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग चिडले. चिडल्यावर जास्त बरं वाटलं.

तुझे तिन्ही कागद मी खिडकीच्या काचेवर चिकटवले आणि मागून ऊन येऊ दिलं. तीन महिने मी नुसते गुण मोजत होते. भोकांकडे बघितलंच नव्हतं. आता ऐक. आपली गोळी कागदाला गोल भोक पाडते, कातरीनं कापल्यासारखं. तुझी पूर्वीची सगळी तशीच होती, माझ्याकडे डबाभर कागद आहेत. या तीन कागदांवरची निम्मी भोकं लांबट आहेत. एक तर चक्क गोळीच्या बाजूच्या आकाराचं आहे. जानेवारीत मी ती ओल्या कागदावर ढकलली होती, मूर्ख मी.

लांबट भोक म्हणजे गोळी नाकानं गेली नाही, आडवी लोळत गेली. हात हलला तर गोळी डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल, पाद्रीबुवांच्या टोपीत जाईल, पण जाईल सरळ नाकानं आणि भोक पाडेल गोल. माणसाचा हात भोक लांबट करू शकत नाही, ऑर्लो. तुझा हात हलत असेल, मी नाही म्हणत नाही. पण सहासष्ट गुण तुझ्या हाताचे नाहीत.

गोळी लोळते कारण नळीत आतून कोरलेल्या पिळदार आट्यांनी तिला नीट धरलेलं नाही. धरलं नाही म्हणून ती फिरत नाही, आणि बाजूनं गरम वायू निसटून शिसं नळीला चिकटतं. करडे पट्टे तेच सांगत होते. तुझी गोळी बारीक आहे, केसभर बारीक. का ते मला कळत नाही. तुझ्या त्या जुन्या कडीतून बारीक गोळी निघायलाच नको.

मला तुझ्या तयार गोळ्या पाठव. नुसतं शिसं, दारू नाही, टपालवाले घेतील. ईस्टरच्या आधी पाठव. आणि ड्वाइटला एक खिळाही नेऊ देऊ नकोस.

लोरीन


कॉनराड
७ एप्रिल १९८४

लोरीन,

गोळ्या पाठवतोय. टपाल कचेरीतली बाई डबा हातात घेऊन म्हणाली, यात काय आहे, तुझी पापं? फार जड आहेत.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग भिंग घेऊन माझ्याकडचे सरावाचे कागद बघितले. भोकं लांबट आहेत खरी. पण त्यावरून मी उगाच आशा लावून बसणार नाही. ड्वाइट बावीस तारखेला येतोय. खोका आणतोय म्हणाला.

ऑर्लो


डेमिंग
१४ एप्रिल १९८४

ऑर्लो, माझ्या खोटारड्या भावा,

डबा काल आला. मी तुझ्या गोळ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतल्या आणि चष्मा लावून एक उचलली. मग खुर्चीत बसले.

गोळीच्या अंगावर एक बारीक उभी रेघ आहे. तुला ती दिसली नसेल, मेणानं बुजते. मला दिसली, कारण वीस-बावीस वर्षं मी त्या रेघेच्या गोळ्या याच टेबलावरून गोळा केल्यात, जेवणाची ताटं मांडण्याआधी. एमेटच्या हातून एकदा त्याच्या कडीच्या आत ओरखडा गेला होता. नवी कर म्हटलं तर म्हणाला, राहू दे, माझी गोळी ओळखू येईल.

फळीवर आहे म्हणे. चमकते म्हणे!

मी चिडलेली नाही. तू ती का वापरलीस हे मला तू न सांगता कळतंय. तुला वाटलं असणार की त्याच्या कडीतून निघालेली गोळी मारली की तोही आपल्याबरोबर राहील. मला वाटतं मीही तेच केलं असतं. पण ऑर्लो, ती कडी त्याच्या पिस्तुलाच्या मापाची आहे. त्याची नळी घट्ट होती. तुझं पिस्तूल लष्करातून आलेलं, तुझ्याआधी किती जणांच्या कमरेला होतं कोण जाणे, तुझी नळी सैल आहे. त्याच्या मापाची गोळी तुझ्या नळीत म्हणजे थोरल्याच्या बुटात धाकट्याचा पाय. खडखडणारच.

आता दुसरी गोष्ट, जी मी सत्तावीस वर्षं पोटात ठेवली, कारण त्यानं मला शपथ घातली होती.

तुझी जुनी कडी विकतची नाही. आम्ही सत्तावन्नच्या उन्हाळ्यात तुझ्याकडे आलो होतो, आठवतंय? तू मागच्या अंगणात मासे साफ करत होतास आणि एमेट म्हणाला, तुझं पिस्तूल जरा पुसून देतो. त्यानं मऊ शिशाचा गोळा तुझ्या नळीतून हलक्या हातानं ठोकून बाहेर काढला. नळीचा छापच तो, बाहेरून तुझ्या आट्यांचं अचूक माप. घरी येऊन त्या मापावरून केसभर मोठी कडी कातली. दोनदा बिघडली, तिसरी जमली. मी शेजारी बसून विणत होते. तू कुणाचं काही फुकट घेत नाहीस, म्हणून त्यानं कॅटलॉगमधून मागवली असं सांगितलं आणि बदल्यात तुझ्याकडून मुरंबा घेतला. आपली बरण्यांची पद्धत तिथून सुरू झाली, आणि तुला वाटतं ती तुझी कल्पना.

तो शिशाचा गोळा त्याच्या तंबाखूच्या डब्यात अजून आहे. काल शोधला. त्याच्याच मायक्रोमीटरनं मोजला आणि मग तुझ्या गोळ्या मोजल्या. तुझ्या गोळ्या त्याहून बारीक भरल्या. त्या नळीत कशा धरून राहतील?

मग मी आणखी एक केलं. त्याचं पिस्तूल ऑक्टोबरपासून फडक्यात होतं. माझं स्वतःचं वेगळं, अडतीस बोअरचं आहे, त्यामुळे त्याच्याला हात लावायचं कारण नव्हतं, आणि मला कारण नको होतं. काल कारण सापडलं. तुझ्या गोळ्यांची काडतुसं भरली, त्याचं पिस्तूल घेतलं आणि ओढ्यापलीकडे गेले. दहा मारल्या. चौऱ्याण्णव, ऑर्लो. माझ्या जन्मात मी चौऱ्याण्णव मारले नव्हते. दहाही भोकं गोल, एकमेकांना खेटून. तुझ्या गोळ्यांत काही खोट नाही, त्यांना फक्त चुकीच्या घरी पाठवलं होतंस. परत येताना शेजारीण म्हणाली, काय गं, एकटीच हसतेस? मी म्हटलं, एकटी नाहीये.

तो कागद मी तुला पाठवत नाही. माझ्यापाशी ठेवते.

तुझी जुनी कडी कुठे आहे? फेकली असशील तर या जन्मात तोंड दाखवू नकोस.

तुझी,
लोरीन


कॉनराड
२३ एप्रिल १९८४

प्रिय लोरीन,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कॉफी ओतत होतो. बशीत पडली, ती हाताची चूक. टेबलावर पडली, ती तुझी.

कडी सापडली. स्वयंपाकघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, तुटक्या बिजागऱ्या आणि सुतळीच्या गुंड्याखाली. नाताळात तुझं पुडकं उघडलं आणि मीच तिला तिथे टाकली होती. गंज चढला होता. रॉकेलमध्ये बुडवून, चिंधीनं पुसून घेतली. मग खिडकीशी नेली. इतकी वर्षं वापरली, पण मी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. विकतच्या वस्तूकडे कोण बघतं? आतून ती अशी गुळगुळीत आहे की बोट बाहेर काढावंसं वाटेना. कडेला अगदी बारीक अक्षरात एक ओ कोरलाय. मला वाटायचं तो कारखान्याचा शिक्का आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. एमेटला खेळात ठेवायचा म्हणून मी त्याची कडी वापरायला घेतली आणि त्यानं माझ्यासाठी केलेली ड्रॉवरमध्ये टाकली. तुझ्यापासून लपवलं, कारण तू फळीवर ठेव म्हणाली होतीस आणि मला तुला सांगायची लाज वाटली की मला त्याची फार आठवण येते. तुझा नवरा होता तो. मला वाटलं, आठवण काढायचा पहिला हक्क तुझा. मी मागे उभं राहावं.

शनिवारी गोळ्या ओतल्या, जुन्या कडीतून काढल्या. ईस्टरला दुपारी ड्वाइट आला. खोका घेऊन आला, आत फोमसुद्धा कापून आणला होता. मी म्हटलं, आधी दहा गोळ्या. तो म्हणाला, बाबा, जेवण गार होतंय. मी म्हटलं, हॅम गारच चांगलं लागतं. पाद्रीबुवांना ईस्टरला उसंत नसते, म्हणून ड्वाइटलाच साक्षीला उभा केला.

हात हलला. खोटं सांगत नाही. तीन गोळ्या खाली गेल्या, त्या माझ्या. पण कागद काढून आणला तो ड्वाइटनं, आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, बाबा, ही सगळी गोल आहेत. मी त्याला लांबट भोकांचं सगळं सांगितलं. एमेटचंही सांगितलं. मग त्यानं खिशातून पेन काढलं आणि खाली सही केली. सही माझ्यापेक्षा वाईट करतो, त्याचा हात तर धड आहे.

शहाऐंशी. कागद सोबत आहे. जेवणानंतर त्यानं विचारलं, मग हा खोका काय करू? मी म्हटलं, यात हॅमचा उरलेला तुकडा ने. तो घेऊन गेला. फोम मात्र काढून ठेवला, म्हणाला, पिस्तूल फळीवर नुसतं ठेवू नका, त्यात ठेवा. जाताना म्हणाला की पुढच्या महिन्यात येईन, सही करायला. मी म्हटलं, ये. नळी घासायचं काम आता पाच मिनिटांचं आहे, तेवढं तू केलंस तरी चालेल.

एमेटची कडी मी परत पाठवत नाही. ती त्याच्या पिस्तुलाची आहे, पण शिसं वितळवायला तुझ्याकडे शेड नाही आणि माझ्याकडे अजून दोन पिंपं धातू आहे. ओल्सनच्या दुसऱ्या मुलीचं लग्न, एका महापुराची बातमी आणि शाळेच्या संघाचे बरेच पराभव शिल्लक आहेत. त्याच्या गोळ्या इथून मी पाठवत जाईन. पहिल्या शंभर या पत्रामागून येतायत. टपालवालीला सांगितलंय की माझी पापं संपायला अजून वेळ लागेल.

आता नियम. मेपासून तुझ्या लिफाफ्यात दोन कागद हवेत. एक तुझ्या अडतीसचा, एक त्याच्या पिस्तुलाचा, वर त्याचं नाव. मला जाड लिफाफा हवाय, पूर्वीसारखा. तो जिंकला तर मुरंबा त्याच्या नावानं येईल, खाल्लास तरी मी विचारणार नाही. तो हरला तर मिरच्या तू पाठवायच्या, आणि गेल्या वेळेपेक्षा जरा कमी तिखट. तो नेहमी मला तिखटच पाठवायचा, मुद्दाम.

तुझा,
ऑर्लो